बोट बांधून ठेवा: करिबा सरोवरावरची सुट्टी

करिबा सरोवरावर हाऊसबोट घ्यायची असं ठरलं, की आपल्याकडच्या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "चार दिवसांत किती ठिकाणं होतील?" माझं उत्तर ठरलेलं आहे: दोन, फार तर तीन. ज्यांना ते पटत नाही त्यांनी केनिया-टांझानियातली जीपची सफारी करावी, तीही उत्तमच असते. करिबाची रीत मात्र वेगळी आहे. इथे प्राण्यांच्या मागे फिरायचं नसतं. किनाऱ्याला बोट बांधायची, इंजिन बंद करायचं आणि बसून राहायचं. दुपार कलली की गवत खायला, पाणी प्यायला सगळे तुमच्यासमोर येतात. बोट कुठली घ्यावी इथपासून गळाला काय लावावं इथपर्यंत पुढे जे सांगणार आहे, ते सगळं याच एका गोष्टीला धरून आहे.

करिबा आहे झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर, झांबेझी नदीवर. व्हिक्टोरिया धबधब्यावरून कोसळणारी नदी तीच. १९५५ ते १९५९ या काळात करिबाच्या घळीत १२८ मीटर उंचीची कमानी भिंत उभी राहिली आणि तिच्यामागे सुमारे २८० किलोमीटर लांबीचं पाणी अडलं. रुंदी काही ठिकाणी ४० किलोमीटरपर्यंत जाते. साठ्याच्या हिशोबानं हा जगातला सर्वांत मोठा मानवनिर्मित जलाशय. सरोवर म्हणायचं, पण हे धरणाचं पाणी आहे, आणि ते लक्षात ठेवलं की तिथलं बरंच काही आपोआप कळतं. पाण्यातून वर आलेली ती पांढरीफटक वाळकी झाडं म्हणजे साठहून जास्त वर्षांपूर्वी बुडालेलं मोपानीचं जंगल. लाकूड इतकं चिवट की अजून कुजलेलं नाही. किनारा दर महिन्याला जागा बदलतो, कारण पाणी चढतं-उतरतं.

कोयनेचा शिवसागर पाहिलेल्या माणसाला या गोष्टी परक्या वाटू नयेत. भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत ही दोन्ही नावं शेजारी-शेजारी येतात. धरण भरल्यावर करिबाला १९६३ मध्ये मोठे धक्के बसले, कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी. आणि धरणग्रस्त तर दोन्हीकडे आहेतच. करिबासाठी झांबेझीच्या दोन्ही काठांवरच्या सुमारे ५७,००० टोंगा लोकांना गाव सोडावं लागलं. सुपीक काठावरची शेती गेली आणि वाट्याला वरची कोरडी, खडकाळ जमीन आली. तुमच्या बोटीवर काम करणारा एखादा जण याच लोकांपैकी असू शकतो. त्याच्याशी बोलताना एवढं ठाऊक असावं.

कधी जायचं

आपल्या बहुतेक सहली शाळेच्या सुट्ट्यांवर ठरतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू. मे महिन्यात तिकडे पावसाळा नुकताच संपलेला असतो. हवा स्वच्छ, दिवस उबदार, रात्री गार, डोंगर हिरवे. कुटुंबाबरोबर पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी मेच सुचवेन. तोटा एकच: आतल्या जंगलात अजून पाणी असतं, त्यामुळे सगळे प्राणी किनाऱ्यावर आलेले नसतात. जून-जुलैत थंडी असते, आणि पहाटे पाण्यावर ती चांगलीच बोचते. स्वेटर आणि वारा अडवणारं जाकीट नेल्याशिवाय पहाटे छोट्या बोटीत बसूच नका.

प्राण्यांसाठी सर्वांत चांगला काळ ऑगस्टपासून पुढचा. आतले पाणवठे आटलेले असतात, हे झालं अर्धं कारण. उरलेलं अर्धं पाण्याच्या पातळीत आहे. झांबेझीचा पूर अंगोला-झांबियातून फिरत फिरत येतो, म्हणून पाऊस थांबून गेल्यावरही करिबा भरतच राहतो आणि साधारण जून-जुलैच्या सुमारास सर्वांत वर असतो. त्यानंतर पाणी उतरू लागतं आणि उघड्या पडलेल्या ओल्या मातीवर टॉर्पेडो ग्रास नावाचं गवत पसरतं. ऐन उन्हाळ्यात, आतलं जंगल करडं झालेलं असताना, किनाऱ्यावर हा हिरवा पट्टा असतो. म्हशींचे मोठे कळप आणि हत्ती यावरच तग धरतात.

दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाणाऱ्यांनी मात्र विचार करून ठरवावं. हे खोरं समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे मीटरवर आहे आणि तेव्हा पारा ४० अंशांच्या वर जातो. घरात लहान मूल किंवा रक्तदाबाची तक्रार असलेलं माणूस असेल तर हा काळ टाळा. मासेमारीच्या वेडानं जाणाऱ्यांसाठी हाच काळ सर्वांत चांगला, कारण पाणी तापलं की टायगरफिश चवताळतो. नोव्हेंबरात पहिली वादळं सुरू होतात. डिसेंबर ते मार्च हा पावसाचा काळ पक्षीवेड्यांना आवडेल, इतरांनी थांबावं.

आणखी एक गोष्ट बघा: एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबर या महिन्यांत झिंबाब्वेतल्या शाळांना सुट्ट्या असतात. चांगल्या बोटी तेव्हा महिनोन्‌महिने आधी भरतात आणि भाडंही चढतं.

पोहोचायचं कसं

मुंबईहून हरारेला थेट विमान नाही. आदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबईमार्गे जावं लागतं. हरारे ते करिबा गाव हे अंतर रस्त्यानं ३६५ किलोमीटरच्या आसपास आहे, वाटेत चिन्होयी, करोई, मकुटी. मकुटीपासून रस्ता घाट उतरून झांबेझीच्या खोऱ्यात येतो. त्या शेवटच्या टप्प्यात हत्ती रस्त्यावर असतात, आणि मकुटीपर्यंतच्या महामार्गावर चिरुंडूच्या सीमानाक्याकडे जाणारे लांबलचक ट्रक. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात म्हणून आपल्या लोकांना स्वतः चालवायचा आत्मविश्वास येतो. जरूर चालवा, पण अंधार पडल्यावर नाही. हरारेहून पहाटे निघा, किंवा आदल्या दिवशी येऊन करिबातच मुक्काम करा. हा मुक्काम वाया जात नाही. बोटी सकाळी सुटतात, आणि उशिरा पोहोचलेल्यांचा पहिला दिवस बंदरातच मोडतो.

मोकळी संध्याकाळ मिळाली तर करिबा हाइट्सवर जाऊन सेंट बार्बराचं छोटं गोलाकार चर्च पाहा. धरण बांधताना ८६ कामगार गेले, त्यांची स्मृती म्हणून धरणाचं काम करणाऱ्या इटालियन मंडळींनी ते बांधलं. तिथून खाली सगळं पाणी दिसतं.

झांबियाच्या बाजूला सियावोंगा हे बंदर आहे, लुसाकाहून जवळ, आणि तिथूनही हाऊसबोटी मिळतात. मात्र वन्यप्राण्यांचा खरा किनारा दक्षिणेचा, झिंबाब्वेचा. मातुसाडोना राष्ट्रीय उद्यान त्याच बाजूला आहे. प्राणी हेच मुख्य कारण असेल तर करिबा गावातूनच बोट घ्या.

व्हिक्टोरिया धबधबा आणि करिबा एकाच सहलीत बसवायचं असेल तर दोघांमध्ये पुरेसे दिवस ठेवा. नकाशावर ती एकाच नदीवर दिसतात, पण मधला रस्ता लांब आणि खडतर आहे. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. दोन्ही देशांत पाय ठेवणार असाल तर एकाच व्हिसावर जाता येतं का तेही तिथेच विचारा.

बोट ठरवताना

केरळची हाऊसबोट डोळ्यांसमोर ठेवून करिबाच्या बोटीचे दर वाचले की गोंधळ होतो. आलेप्पीला एका रात्रीसाठी खोली घेतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरतो. इथे बहुधा पूर्ण बोट भाड्यानं घ्यावी लागते, कप्तान, स्वयंपाकी आणि एखाददुसरा मदतनीस यांच्यासकट, आणि दर बोटीचा असतो, माणशी नसतो. म्हणून आठ-दहा जणांचा गट जमवला तर परवडतं. दोघांनीच जायचं असेल तर मातुसाडोनाच्या किनाऱ्यावरचा एखादा कॅम्प हिशोबात बरा पडेल.

दर वाचताना खरी मेख डिझेलची असते. बहुतेक ठिकाणी बोटीचं भाडं वेगळं आणि इंधन वेगळं. मोठ्या बोटीचं इंजिन, जनित्र आणि मासेमारीच्या छोट्या बोटींचं पेट्रोल, असं तिन्ही मिळून शेवटच्या दिवशी हिशोब होतो. जितकं हिंडाल तितकं बिल. म्हणून आधीच लेखी विचारा: कोणत्या खाडीपर्यंत जायचं, किती तास इंजिन चालेल, ताशी किती इंधन लागतं. उद्यानाचं रोजचं शुल्क आणि मासेमारीचा परवाना भाड्यात धरलाय का, तेही विचारा.

मग बोटीबद्दल विचारा. छोट्या बोटी किती आहेत? आठ जणांना एकच असेल तर पहाटेच्या फेरीवरून कुरबुर होणार, निदान दोन हव्यात. प्रत्येकाला बसेल असं लाइफ जॅकेट आहे का, मुलांच्या मापाचंसुद्धा? वायरलेस चालू आहे का? कारण किनाऱ्याच्या मोठ्या भागात मोबाइलला रेंज नसते. जनित्र रात्रभर चालतं की इन्व्हर्टर आहे? हा प्रश्न मी फार महत्त्वाचा मानतो. रात्री जनित्र धडधडत राहिलं तर किनाऱ्यावरचं काहीच ऐकू येत नाही, आणि त्यासाठीच तर तिथे गेलेलो असतो. काही बोटींना पाण्यात सोडायचा जाळीचा पिंजरा असतो, त्यात मगरीची भीती न बाळगता डुंबता येतं. ऑक्टोबरात जाणार असाल तर तो असलेली बोटच घ्या.

खोल्यांच्या चकचकीत फोटोंना मी फार भाव देत नाही. गरम रात्री बहुतेक जण वरच्या डेकवर मच्छरदाणीत झोपतात. त्यामुळे वरचा डेक मोठा आणि नीट छप्पर असलेला आहे का, ते पाहा.

किराणा बहुधा आपणच न्यायचा असतो. ही आपल्या लोकांसाठी मोठी सोय आहे, कारण स्वयंपाकी तुम्ही आणाल ते शिजवतो. हरारेतच सगळी खरेदी करा, करिबा गावात निवड कमी असते. हरारेच्या बेल्वेडेअर आणि रिजव्ह्यू भागांत जुनी भारतीय वस्ती आहे, मुख्यतः गुजराती. कणीक, डाळी, हिंग, मोहरी असं सगळं तिथे मिळतं. घरून फक्त मसाला, मेतकूट, भाजणी असं बंद पाकिटातलं न्या. ताजी फळं, बियाणं, दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ सीमाशुल्कावर अडकतात. पिण्याचं पाणी भरपूर घ्या, बोटीवरच्या नळाला सरोवराचंच पाणी असतं.

स्वयंपाक्याला तुमच्या फोडणीत गुंतवून ठेवू नका मात्र. एक दिवस त्याला त्याचं जेवण करू द्या: मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला साडझा आणि शेंगदाण्याच्या लोण्यात परतलेली पालेभाजी. शाकाहारी माणसालाही हे जेवण मनापासून आवडेल. मासे खाणाऱ्यांनी सुकवलेला कापेंटा, म्हणजे इथला बोटभर मासा, कांदा-टोमॅटोत करून मागावा. सुकट, सुके बोंबील खाऊन वाढलेल्यांना त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही.

किनाऱ्यावर

बंदरातून निघाल्यावर सरोवराच्या सान्याटी भागाचं मोकळं पाणी ओलांडून मातुसाडोनाच्या किनाऱ्याला पोहोचायला तीन-चार तास लागतात. हा टप्पा सकाळीच पार करा. दुपारी वारा उठतो, आणि एवढ्या मोठ्या पाण्यावर लाटा समुद्रासारख्या उसळतात. कप्तान "आज नको" म्हणाला तर वाद घालू नका. रात्री मोठ्या बोटी चालवत नाहीत. पाण्याखालच्या झाडांचे बुंधे दिवसाही चुकवावे लागतात, पाणी उतरलेलं असताना तर फारच. सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी एखाद्या आडोशाच्या खाडीत बोटीचं नाक किनाऱ्याला टेकवून दोर बांधले जातात.

कुठे बांधायची? पहिल्या खेपेला सान्याटी नदीच्या घळीचं तोंड आणि तिच्या पश्चिमेचा फॉदरगिल बेटाजवळचा सपाट किनारा, एवढं पुरे. दिवस जास्त असतील तर पुढे उमे नदीचं मुख आणि बुमी हिल्स. सुमारे १,४०० चौरस किलोमीटरच्या मातुसाडोनाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१९ पासून झिंबाब्वेच्या वन्यजीव खात्याबरोबर आफ्रिकन पार्क्स ही संस्था त्याची व्यवस्था पाहते.

फॉदरगिल हे नाव ज्या माणसाचं, त्याची हकिगत मुलांना जाण्याआधी जरूर सांगा. १९५८ च्या अखेरीस धरणाची दारं बंद झाली, पाणी चढू लागलं, टेकड्यांची बेटं झाली आणि त्यांवर हजारो प्राणी अडकले. रुपर्ट फॉदरगिल या वनाधिकाऱ्याच्या तुकडीनं पुढची काही वर्षं बोटींतून त्यांना सोडवलं. हरणं, रानडुकरं, गेंडे, सापसुद्धा. या मोहिमेचं नाव 'ऑपरेशन नोआ'. सहा हजारांहून जास्त प्राणी वाचले. दोरखंडानं हरणांचे पाय कापत, म्हणून बायकांचे नायलॉनचे जुने मोजे गोळा करून त्यांच्या वेण्या वळल्या आणि त्यांनी पाय बांधले. वाचवलेल्यांपैकी पुष्कळ प्राणी याच मातुसाडोनात सोडले गेले. त्यामुळे समोर चरणारा कळप त्यांच्याच वंशातला असण्याची शक्यता बरीच.

हत्ती गवत कसं खातो हे टीव्हीवर कधी नीट दाखवत नाहीत. बोट बांधलेली असली की ते समोर तासभर पाहायला मिळतं. आधी पुढच्या पायाच्या नखांनी तो गवताच्या बुडाला ठोकर मारतो, दोन-तीन वेळा, हलकेच. मुळं सैल झाली की सोंडेनं जुडगा उपटतो. मग तो लगेच तोंडात घालत नाही. मातीनं दात झिजतात, म्हणून जुडगा गुडघ्यावर झटकतो, किंवा पाण्यात बुडवून हलवतो, गढूळ पाणी निथळलं की मगच खातो. पिल्लाला हे जमत नसतं. ते सगळं मातीसकट ओढतं, सोंडेतून पाडतं आणि शेवटी आईच्या तोंडातलं घ्यायला जातं. इंजिनाचा आवाज असेल तर हत्ती मान वर करून उभाच राहतो, चरत नाही. बोट आधी येऊन शांत झालेली असेल तर तिला तो झाडाइतकंच धरतो.

फिश ईगल तुम्हाला शोधावा लागणार नाही. वाळक्या झाडांच्या शेंड्यांवर पांढऱ्या डोक्याची ही जोडी बसलेली असतेच, आणि ओरडताना मान पार मागे टाकते. झाडांच्या खालच्या फांद्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसतात. दुर्बीण प्रत्येकी एक असावी, एकच सगळ्यांत फिरवण्यात मजा नाही.

किनारा हाताच्या अंतरावर असतो, म्हणून उतरून फोटो काढायचा मोह होतो. उतरू नका. राष्ट्रीय उद्यानात परवानाधारक, शस्त्रधारी मार्गदर्शकाशिवाय पायी जायला परवानगी नाही. मार्गदर्शकाबरोबर चालायचं असेल तर बोट ठरवतानाच सांगून ठेवा. पाणघोडे रात्री चरायला वर येतात आणि पाण्याकडची त्यांची वाट अडवलेली त्यांना खपत नाही. छोट्या बोटीतून जाताना पाण्यात त्यांचे कान दिसले की लांबून वळसा घ्यायचा, उथळ पाण्यात तर नक्कीच. आणि मगर: डेकच्या कडेला पाय सोडून बसू नये, कडेवरून वाकून हात धुऊ नयेत, मासे साफ करून आतडी बोटीशेजारी टाकू नयेत. मुलांना हे पहिल्याच तासाला, खडसावून सांगावं.

गळ टाकताना

करिबाचा मानाचा मासा टायगरफिश. चंदेरी अंग, त्यावर आडव्या काळ्या रेघा, शेंदरी पर आणि तोंड मिटलं तरी बाहेर दिसणारे सुळे. १९६० च्या दशकापासून करिबावर या माशासाठी दरवर्षी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. या जातीतला विक्रमी मासा, १६.१ किलोचा, २००१ मध्ये इथेच लागला होता. तुम्हाला दोन-तीन किलोचा मिळाला तरी हात दुखून येतील.

त्याला पकडण्याची पहिली अट म्हणजे गळाच्या वर वीतभर पोलादी तार. साधी नायलॉनची दोरी तो कात्रीनं कापल्यासारखी तोडतो. दुसरी अट, गळ अतिशय धारदार हवा, कारण जबडा सगळा हाडाचा, गळ रुतायला मऊ जागाच नाही. आमिष म्हणून कापेंटा मासे किंवा माशाची लांबट फोड. १९६७-६८ मध्ये टांगानिका सरोवरातून हा बोटभर मासा आणून करिबात सोडला. तो इथे अफाट वाढला आणि टायगरचं मुख्य खाणं झाला. छोटी बोट इंजिन बंद करून वाऱ्याबरोबर वाळक्या झाडांच्या कडेनं सरकू द्यायची, थोडा चुरा पाण्यात टाकायचा आणि आमिष खोल सोडायचं. वेळ पहाटेची, नाहीतर चारनंतरची.

टायगर आमिष चाखत बसत नाही. एकदम हिसका बसतो, रीळ किंचाळतं आणि दुसऱ्याच क्षणी मासा पाण्याबाहेर असतो, डोकं झटकत. नवखा माणूस नेमक्या याच वेळी काठी वर उचलतो, दोरी ढिली पडते आणि गळ सुटून येतो. मासा उडाला की काठीचं टोक पाण्याकडे झुकवा आणि दोरी ताणलेली ठेवा. दहांतले बरेचसे सुटतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. हाती आलेला मासा सोडून द्यावा असं मी आग्रहानं सांगेन. तो काटेरी, खायला किरकिरा, आणि मोठी मादी म्हणजे पुढच्या पिढीचं बियाणं. हात ओले करून धरा, लांब चिमट्यानं गळ काढा, फोटो पाण्याच्या जवळच घ्या, आणि तो स्वतः शेपूट मारेपर्यंत पाण्यात धरून ठेवा. बोटं तोंडाजवळ अजिबात नेऊ नका.

खायचा मासा म्हणजे ब्रीम. उजनीच्या काठावर आपण ज्याला चिलापी म्हणतो त्याच कुळातला. गांडूळ लावायचं, बुडालेल्या झाडाजवळ तळाशी सोडायचं आणि टोकाकडे लक्ष ठेवायचं. मुलांनी सुरुवात यानंच करावी. गांडुळं विकणारे हरारे-करिबा रस्त्याच्या कडेला भेटतात, तिथूनच घ्या. संध्याकाळी खोल पाण्यात वुंडू लागतो, मांगूरच्या कुळातला अजस्र मासा, आणि त्याला इथले लोक निळ्या साबणाची वडी लावतात. ऐकायला अजब, पण खरंच लागतो.

बोटीवरच्या काठ्या बहुधा वापरून जुन्या झालेल्या असतात. गळ, तारा आणि एक बरं रीळ घरून नेलेलं चांगलं, पण ते सामानाच्या मोठ्या बॅगेत ठेवा, हातातल्या बॅगेतले गळ विमानतळावर काढून घेतील. परवाना जवळ असू द्या, आणि नदीमुखाजवळ कप्तानाला विचारल्याशिवाय गळ टाकू नका.

तब्येतीचं

झांबेझीच्या खोऱ्यात मलेरिया आहे, आणि तो जिवावर बेतणारा फाल्सिपेरम प्रकारचा. डॉक्टरांकडून प्रतिबंधक गोळ्या घ्या. त्या जाण्याआधी सुरू होतात आणि परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात. घरी आल्यावर मधेच सोडून देणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेतून आलोय हे पहिल्या वाक्यात सांगा.

काठाच्या उथळ, शेवाळी पाण्यात बिल्हार्झियाचे जंतू असतात. ते त्वचेतून शिरतात. म्हणजे मगर नसलेल्या ठिकाणीही किनाऱ्यालगत पाण्यात उतरायचं नाही. पाण्याशी संबंध आला असेल तर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून घ्यावी, औषध सोपं आहे. मातुसाडोनात त्सेत्से माशी चावते. तिला गडद निळा आणि काळा रंग ओढतो, तेव्हा कपडे खाकी किंवा फिक्या रंगाचे न्या.

पिवळ्या तापाची लस हा भारतीय प्रवाशांसाठी खास मुद्दा. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे प्रवास असेल, आणि तिथे विमानतळाबाहेर पाऊल टाकणार असाल तर विशेष, लस घेऊन ठेवा. सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. परतताना प्रमाणपत्र लागू असून जवळ नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवस विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे.

विमा घेताना आजारी माणसाला विमानानं हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, ते वाचून घ्या. बोटीवरून मोठ्या रुग्णालयापर्यंतचं अंतर फार आहे. पैसे अमेरिकन डॉलरमध्ये, लहान नोटांत न्या. सुट्टे मिळत नाहीत आणि फाटक्या, मळक्या नोटा कोणी घेत नाही. प्लगसाठी ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा ॲडॅप्टर लागतो.

रात्री

दिवस मावळला की बोटीवरचे दिवे कमी करायला सांगा. क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते, एखादं शहर असावं तशी. त्या कापेंटा पकडणाऱ्या बोटी. पाण्यावर दिवा टांगायचा, उजेडाकडे मासे गोळा झाले की खाली सोडलेलं गोल जाळं वर ओढायचं, असं पहाटेपर्यंत चालतं. पौर्णिमेच्या आसपास चांदण्यात दिव्याची मात्रा चालत नाही, म्हणून त्या दिवसांत बोटी बाहेर पडत नाहीत. तारखा ठरवताना पंचांग पाहा. अमावास्येला हे दिवे आणि तारे मिळतात, पौर्णिमेला चांदण्यात किनाऱ्यावर फिरणारे प्राणी. मी अमावास्येच्या बाजूचा आहे. महाराष्ट्रातून मे महिन्यात दक्षिण क्षितिजाशी जेमतेम दिसणारा त्रिशंकू तिथे चांगला वर चढलेला असतो, आणि जून-जुलैत वृश्चिक थेट डोक्यावर.

शेवटच्या दिवशी बोट सकाळी लवकर निघून दुपारच्या आत बंदराला लागते. त्याच रात्रीचं हरारेहून विमान धरू नका. वाऱ्यानं निघायला उशीर झाला तर घाट आणि महामार्ग अंधारात गाठावा लागेल. एक रात्र करिबात किंवा हरारेत राखून ठेवा. बक्षिसी कप्तान, स्वयंपाकी आणि मदतनीस यांना वेगवेगळी, स्वतःच्या हातानं द्या. उरलेला किराणा त्यांना हवा आहे का विचारा. गावात न्यामिन्यामीच्या कोरीव काठ्या विकायला असतात, सापाचं अंग आणि माशाचं तोंड असलेला हा टोंगांचा झांबेझीचा देव. १९५७ आणि १९५८ च्या प्रचंड पुरांनी धरणाचं काम उद्ध्वस्त केलं, तेव्हा तो त्याचाच कोप असं लोकांनी मानलं. काठी घेतलीत तर कोरणाऱ्याकडूनच घ्या, आणि घासाघीस फार ताणू नका.